अख्खी विरार लोकल जी मालिका बघते, ती टीआरपीत मागे का पडते?

चर्चगेटहून सुटलेली संध्याकाळची विरार लोकल. लेडीज डब्यात भाजी निवडायला घेतली की कालच्या एपिसोडचा पंचनामा सुरू होतो. नायिकेने सासूला काय उत्तर द्यायला हवं होतं, खलनायिका सुधारणार की नाही, हिरोला सगळं शेवटीच कसं कळतं, यावर वसई रोड येईपर्यंत एकमत होत नाही. मग गुरुवारी फॅन पेजवर टीआरपीची यादी येते आणि डब्यात सगळ्यांची आवडती असलेली मालिका पहिल्या पाचातसुद्धा नसते. काही महिन्यांनी चॅनेलचा पुरस्कार सोहळा होतो आणि तिथे भलतीच जोडी 'सर्वोत्कृष्ट' ठरते.

मग कमेंटमध्ये ठरलेला प्रश्न येतो. "सगळे तर हीच मालिका बघतात, मग नंबर वन दुसरी कशी?"

त्याचं थोडक्यात उत्तर असं की चर्चा, टीआरपी आणि पुरस्कार या तीन वेगवेगळ्या मोजपट्ट्या आहेत. तिन्हींत मोजणारा वेगळा आहे आणि मोजायची पद्धतही वेगळी आहे. आता सविस्तर बघू.

टीआरपी मोजतं कोण?

भारतात टीव्हीचे रेटिंग 'बार्क' ही संस्था देते. पूर्ण नाव ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल. ही सरकारी संस्था नाही. चॅनेलवाल्यांची संघटना, जाहिरातदारांची संघटना आणि जाहिरात एजन्सींची संघटना अशा तिघांनी मिळून ती उभी केली. त्यात चॅनेलवाल्यांचा वाटा ६० टक्के आणि उरलेल्या दोघांचा प्रत्येकी २० टक्के. २०१५ पासून बार्कचे आकडे येऊ लागले. त्याआधी हे काम 'टॅम' ही कंपनी करायची.

हे आकडे मुळात प्रेक्षकांसाठी नसतातच. जाहिरात कोणत्या चॅनेलवर, किती वाजता आणि किती रुपयांना द्यायची हे ठरवायला कंपन्यांना काहीतरी आधार लागतो. तो आधार म्हणजे टीआरपी. म्हणूनच सविस्तर आकडे पैसे भरणाऱ्या चॅनेल आणि एजन्सींना मिळतात आणि त्यातले काही फिरत फिरत तुमच्या इन्स्टाग्रामवर येतात.

घरातला मीटर काय करतो?

निवडलेल्या घरांमध्ये टीव्हीला एक मीटर जोडलेला असतो. प्रत्येक चॅनेलच्या आवाजात एक खूण मिसळलेली असते. आपल्या कानाला ती ऐकू येत नाही, मीटरला मात्र ओळखता येते. त्यावरून कोणत्या मिनिटाला कोणतं चॅनेल चालू होतं हे कळतं. टीव्हीसमोर कोण बसलंय हे कळावं म्हणून घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर आपापलं बटण दिलेलं असतं. आजीने टीव्ही लावला तर आजीचं बटण, नातवाने लावला तर नातवाचं.

या नोंदींवरून मिनिटामिनिटाचा हिशोब होतो. एखाद्या मालिकेला ५ रेटिंग मिळालं याचा साधा अर्थ असा की ज्या प्रेक्षकवर्गाचं मोजमाप चाललंय, त्यातले सरासरी ५ टक्के लोक कोणत्याही मिनिटाला ती मालिका बघत होते. मराठी मालिकांसाठी महाराष्ट्र आणि गोवा ही एकच बाजारपेठ धरली जाते. शनिवार ते शुक्रवार असा आठवडा मोजून पुढच्या गुरुवारी आकडे बाहेर येतात.

वसई-विरारमध्ये असे मीटर किती?

कोणाच्या घरात मीटर आहे हे गुप्त ठेवलं जातं. "आमच्याकडे लावा" असा अर्जही करता येत नाही. पण साधं गणित मांडून अंदाज घेता येतो.

बार्कच्या २०२०च्या अंदाजानुसार देशात टीव्ही असलेली सुमारे २१ कोटी घरं होती. मीटर असलेली घरं पुढे सुमारे ५५ हजारांपर्यंत गेली. म्हणजे साधारण ३८०० घरांमागे एक मीटर. २०११च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांहून थोडी जास्त होती. शहरात टीव्ही असलेली ३ लाख घरं धरली आणि देशभर मीटर अगदी सारखे वाटले असं मानलं, तर नायगावपासून विरारपर्यंत मिळून ८० च्या आसपास घरं निघतात. प्रत्यक्षात मीटर असे समान वाटत नाहीत, त्यामुळे हा आकडा कमीजास्त असेल. पण कल्पना यावी म्हणून एवढं पुरेसं आहे.

८० घरं ३ लाख घरांचं मत कसं सांगणार? इथे आपल्याकडची जुनी म्हण कामाला येते, शितावरून भाताची परीक्षा. भात शिजला का हे बघायला अख्खं पातेलं खावं लागत नाही. अट एकच की शितं पातेल्यात सगळीकडून उचललेली हवीत. म्हणून घरं निवडताना शहर आणि गाव, घरातल्या कमावत्या माणसाचं शिक्षण, घरातल्या वस्तू, भाषा असं सगळं बघून वाटणी केली जाते. सरकारच्या २०१४च्या नियमांनुसार दरवर्षी काही घरं बदलावीही लागतात.

महाराष्ट्र आणि गोव्याच्या मोठ्या आकड्यासाठी ही पद्धत बऱ्यापैकी चालते. पण दोन मालिकांमधला फरक ०.१ चा असेल, तर त्यावरून कोण जिंकलं म्हणत भांडण्यात अर्थ नाही. इतका फरक काही मोजक्या घरांनी चॅनेल बदललं तरी पडू शकतो.

मग लोकलमधल्या गप्पा खोट्या का?

खोट्या अजिबात नाहीत. फक्त त्या गप्पा मारणाऱ्या बायका बऱ्याचदा टीआरपीच्या हिशोबात येतच नाहीत.

चर्चगेट ते विरार हे अंतर सुमारे ६० किलोमीटर. सहाला ऑफिस सुटलं, फास्ट पकडली, स्टेशनवरून रिक्षा मिळाली, तरी नालासोपारा किंवा विरारच्या घरी पोहोचेपर्यंत आठ वाजून जातात. मराठी चॅनेलवर मालिकांची मुख्य वेळ संध्याकाळी साडेसहा-सातलाच सुरू होते. म्हणजे साडेसातची मालिका सुरू होते तेव्हा तिची सगळ्यात कट्टर चाहती मीरा रोड आणि भाईंदरच्या मध्ये उभी असते. ती तोच एपिसोड रात्री किंवा दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये मोबाईलवर बघते, जिओहॉटस्टारवर किंवा झी ५ वर.

आणि टीआरपी टीव्ही संचावर मोजला जातो. मोबाईलवर बघितलेला एपिसोड त्यात धरला जात नाही. अॅपवाल्या कंपनीला ते प्रेक्षक दिसतात, पण तो हिशोब वेगळा आणि बहुतेक वेळा कंपनीच्या घरातच राहतो. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर लागणारा रिपीट एपिसोड मीटर नोंदवतो, पण यादीत जो आकडा मिरवला जातो तो सहसा मूळ वेळेचा असतो.

मग साडेसातच्या आकड्यात कोण असतं? त्या वेळी घरात टीव्हीसमोर असलेली माणसं. म्हणजे मुख्यतः गृहिणी, घरी लवकर पोहोचणारे, वयस्कर मंडळी, शिवाय गावं आणि लहान शहरांतली कुटुंबं. मालिका लिहिताना चॅनेलच्या डोळ्यासमोरही हेच प्रेक्षक असतात. "आता कोण अशा मालिका बघतं" असं ज्यांना वाटतं आणि "आमच्या आवडीच्या मालिका का बंद होतात" असं जे विचारतात, त्या दोघांनाही एकच उत्तर लागू होतं. त्या वेळी टीव्ही कोणाच्या हातात आहे, ते बघा.

म्हणून मालिकेची वेळ बदलणं ही छोटी गोष्ट नसते. 'आई कुठे काय करते' ही स्टार प्रवाहची मालिका डिसेंबर २०१९ पासून नोव्हेंबर २०२४ पर्यंत चालली आणि बराच काळ आघाडीवर होती. शेवटच्या काही महिन्यांत ती दुपारी अडीचला लागायची. नोकरी करणाऱ्या बाईच्या आयुष्यात दुपारी अडीच वाजता टीव्ही बघणं कुठे बसतं?

आकडे फुगवता येतात का?

हा प्रश्न ऑक्टोबर २०२० मध्ये देशभर गाजला. मीटर असलेल्या काही घरांना पैसे देऊन ठरावीक चॅनेल लावून ठेवायला सांगितलं जातं, असा आरोप मुंबई पोलिसांनी केला. त्यानंतर बार्कने न्यूज चॅनेलचे रेटिंग थांबवले, ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. राज्य सरकारने पुढे हा खटला मागे घ्यायचं ठरवलं आणि २०२४ मध्ये न्यायालयाने त्याला परवानगी दिली. म्हणजे आरोप न्यायालयात सिद्ध झाले नाहीत. पण मीटरची घरं गुप्त ठेवणं इतकं महत्त्वाचं का असतं, हे त्यावरून सगळ्यांना कळलं.

आणि पुरस्कार कोण ठरवतं?

झी मराठी, स्टार प्रवाह अशा चॅनेलचे सोहळे म्हणजे घरचं कार्य. झी मराठीचा 'उत्सव नात्यांचा' असो की 'स्टार प्रवाह परिवार पुरस्कार', त्यात स्पर्धा फक्त त्याच चॅनेलच्या मालिकांमध्ये असते. झीची नायिका स्टारच्या नायिकेला हरवूच शकत नाही, कारण दोघी एका यादीत कधी येतच नाहीत. म्हणून विभागही नात्यांचे असतात. सर्वोत्कृष्ट आई, सासू, सून, भावंडं, जोडी, कुटुंब.

यातल्या बऱ्याच विभागांत प्रेक्षकांची ऑनलाइन मतं मागवली जातात. इथे जिंकण्यासाठी प्रेक्षक जास्त असण्यापेक्षा जिद्दीने मत देणारे चाहते जास्त असावे लागतात. टीआरपीत मागे असलेली जोडी इन्स्टाग्रामवर लाडकी असेल तर इथे पुढे जाऊ शकते. सोहळा स्वतःही एक कार्यक्रमच असतो. त्यात नाच असतात, विनोदी प्रवेश असतात, येणाऱ्या नव्या मालिकेची ओळख असते आणि जाहिरातीही असतात. तो काही तासांचा सोहळा ज्या रविवारी लागतो, त्या दिवसाचं रेटिंगही मोजलं जातं.

मग सगळ्या चॅनेलच्या मालिका एकत्र तोलणारं काहीच नाही का? आहे, पण कमी. 'मटा सन्मान'सारख्या पुरस्कारांत नाटक-सिनेमासोबत मालिकांचाही विचार होतो. हिंदीत २००१ पासून इंडियन टेलिव्हिजन अॅकॅडमीचे पुरस्कार आहेत. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत टीव्ही मालिकांना जागा नाही. गोव्याच्या इफ्फीमध्ये २०२३ पासून सर्वोत्कृष्ट वेब सिरीजला पुरस्कार सुरू झाला आणि पहिला मान 'पंचायत'च्या दुसऱ्या सीझनला मिळाला. रोजची मालिका मात्र तिथेही बाहेरच राहिली.

ब्रिटनशी तुलना केली तर फरक दिसतो. तिथे दोन मोठे सोहळे आहेत. बाफ्ताच्या टीव्ही पुरस्कारांत जाणकारांचं परीक्षक मंडळ बसतं आणि एखादाच पुरस्कार लोकांच्या मतावर सोडलेला असतो. १९९५ पासून सुरू असलेले नॅशनल टेलिव्हिजन अवॉर्ड्स मात्र पूर्णपणे प्रेक्षकांच्या मतांवर दिले जातात. हा सोहळा आयटीव्हीवर दिसतो, पण त्यात बीबीसीचे कार्यक्रमही जिंकतात. लोकांचं मत घ्यायचं तर सगळी चॅनेल एका यादीत ठेवायची, हा तिथला रिवाज. घरात सोफ्यावर बसून टीव्हीवर चालणाऱ्या गप्पांनाही तिथे किंमत आहे. 'गॉगलबॉक्स' नावाचा कार्यक्रम २०१३ पासून साध्या कुटुंबांना टीव्ही बघता बघता बोलताना दाखवतो आणि लोक तो आवडीने बघतात.

याचा नायगावला काय फरक पडतो?

वसई-विरारकरांसाठी टीआरपी हा फक्त गप्पांचा विषय नाही. मुंबईत जागा महाग झाली तशी मालिकांचे सेट मीरा रोड, घोडबंदर आणि नायगावच्या पट्ट्यात सरकले. आज नायगाव-वसई भागात अनेक हिंदी मालिकांचे सेट आहेत. बारा-बारा तासांच्या शिफ्ट चालतात. लाइटमन, स्पॉटबॉय, सेटचे सुतार, मेकअप आणि कपडेपट सांभाळणारे, ज्युनियर आर्टिस्ट, जेवण आणि गाड्या पुरवणारे अशा कितीतरी जणांचा रोज त्यावर चालतो.

रेटिंग सलग पडलं की आधी कथेत अपघात, स्मृतिभ्रंश किंवा काही वर्षांची उडी येते. तरी आकडा वर आला नाही तर मालिका गुंडाळली जाते. कलाकारांचे पैसे या धंद्यात काम झाल्यावर ९० दिवसांनी मिळण्याची पद्धत आहे. म्हणजे मालिका अचानक बंद झाली की नवीन काम शोधायचं आणि जुन्या पैशांची वाटही बघायची, अशी दुहेरी वेळ येते. मोठ्या कलाकाराचं नाव असतं, त्याला पुढची मालिका मिळते. सेटवर रोजावर येणाऱ्याला पुढचा सेट कुठे लागतोय हे शोधावं लागतं.

मग प्रेक्षकाने करायचं काय?

घरात मीटर नसेल तर तुम्ही टीव्ही लावल्याने टीआरपी वाढत नाही. पण मोबाईलवर बघत असाल तर दुसऱ्याने उचललेली क्लिप बघण्यापेक्षा चॅनेलच्या स्वतःच्या अॅपवर किंवा अधिकृत यूट्यूबवर एपिसोड बघा. तिथला प्रत्येक व्ह्यू चॅनेलला दिसतो आणि मालिकेचं भवितव्य ठरवताना आता तोही विचारात घेतला जाऊ लागला आहे. पुरस्कारासाठी मत देताना ते फक्त त्या चॅनेलच्या घरातलं मत आहे हे लक्षात ठेवा. आणि फॅन पेजवर टीआरपीची यादी दिसली की तीन गोष्टी बघा: आठवडा कोणता, बाजारपेठ कोणती, आणि दोन मालिकांमधला फरक खरंच भांडण्याइतका आहे का.