प्रोसेसर मागे का पडतो?

नवा असताना झपाझप चालणारा डेस्कटॉप काही वर्षांनी रेंगाळू लागतो. प्रोसेसर बिघडला, असा निष्कर्ष काढण्याआधी त्याचा वेग आणि तापमान तपासा.

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या ‘परफॉर्मन्स’ विभागात प्रोसेसरचा मूळ वेग आणि त्या क्षणाचा वेग दिसतो. काम नसताना वेग उतरणे स्वाभाविक आहे. त्यातून वीज वाचते. जड काम सुरू असतानाही तो मूळ वेगाच्या खालीच राहिला, तर मात्र कुठेतरी अडते आहे.

बहुधा कारण उष्णतेचे असते. इंटेलच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरांची तापमानमर्यादा १०० अंश सेल्सिअस, तर एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील बहुतेकांची ९५ अंश असते. मर्यादा गाठताच चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग घटवते. एचडब्ल्यूइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये हे तापमान पाहता येते. हीटसिंकमध्ये साचलेली धूळ, मंदावलेला पंखा किंवा सुकलेली थर्मल पेस्ट हे नेहमीचे गुन्हेगार. संगणक बंद करून, प्लग काढूनच सफाई करावी. नवी पेस्ट लावण्याआधी जुनी पूर्ण पुसावी; नवी वाटाण्याएवढी पुरते.

तापमान आटोक्यात असेल, तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये ‘पॉवर सेव्हर’ निवडलेले नाही ना, हे पाहा. बायोसमधली वीजमर्यादाही तपासा. काही वेळा प्रोसेसर निर्दोष असतो आणि अपुऱ्या रॅममुळे किंवा जुन्या हार्ड डिस्कमुळे काम अडते.

नवा प्रोसेसर घेण्याचा विचार या तपासण्या झाल्यावरच करावा.