स्मार्ट मीटर आणि ग्राहकाची ऊर्जाविषयक माहिती

विजेच्या साध्या मीटरची नोंद महिन्यातून एकदा घेतली जाते, म्हणजे वर्षाकाठी एका घराच्या बारा नोंदी. स्मार्ट मीटर दर 15 किंवा 30 मिनिटांनी वापराची नोंद करतो व ती संदेशवहन यंत्रणेद्वारे वितरण कंपनीच्या संगणकाकडे पाठवितो. अर्ध्या तासाची नोंद गृहीत धरली तरी एका घराच्या वर्षभरात 17,520 नोंदी होतात. वीज किती वापरली एवढेच जुना मीटर सांगत असे. ती केव्हा वापरली हेही आता कळते. या ‘केव्हा’मधून वीजक्षेत्राला मोठा लाभ होऊ शकतो आणि कुटुंबाच्या खासगीपणाचा प्रश्नही त्यातूनच उद्भवतो.

विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 55 नुसार अचूक मीटरशिवाय वीजपुरवठा करता येत नाही. प्रीपेड मीटर घेणाऱ्या ग्राहकाकडून सुरक्षा ठेव मागता येणार नाही, अशी तरतूद याच अधिनियमाच्या कलम 47 मध्ये आहे. सुधारित वितरण क्षेत्र योजनेला जून 2021 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. योजनेचा एकूण खर्च 3,03,758 कोटी रुपये असून त्यात केंद्राचे अर्थसाहाय्य 97,631 कोटी रुपये आहे. शेतीपंप वगळता सुमारे 25 कोटी ग्राहकांकडे प्रीपेड स्मार्ट मीटर बसविण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवण्यात आले. त्यासाठी ठरविलेली मार्च 2025 ची मुदत उलटली तेव्हा उद्दिष्टाचा मोठा भाग शिल्लक होता.

ऊर्जेचा हिशेब

एवढा खर्च कशासाठी, हे समजण्यासाठी एका रोहित्राचे उदाहरण घेऊ. समजा, रोहित्रातून महिन्यात 100 युनिट वीज बाहेर पडली आणि त्यावरील सर्व ग्राहकांच्या बिलांची बेरीज 85 युनिट आली. उरलेले 15 युनिट कुठे गेले? काही तारांमध्ये उष्णतेच्या रूपाने वाया गेले, काही चोरीला गेले, काही सदोष मीटरमुळे नोंदलेच गेले नाहीत. जुन्या पद्धतीत हे वेगळे करणे जवळजवळ अशक्य होते, कारण एका घराचे वाचन 3 तारखेला, शेजारच्या घराचे 11 तारखेला आणि रोहित्राचे, झालेच तर, महिनाअखेरीस होत असे. वेगवेगळ्या कालखंडांच्या आकड्यांची वजाबाकी करून तोटा काढला जाई. सर्व मीटरची नोंद एकाच क्षणी उपलब्ध झाली, तर कोणत्या रोहित्रावर, दिवसाच्या कोणत्या वेळी गळती वाढते हे दिसू लागते. स्मार्ट मीटरचे माझ्या मते सर्वांत भक्कम आर्थिक समर्थन हेच आहे. त्यासाठी रोहित्रांवर व वाहिन्यांवर मीटर आधी बसणे आवश्यक असते, हे मात्र चर्चेत मागे पडते.

तोट्याच्या आकड्यांबाबतही सावधगिरी हवी. देशातील एकूण तांत्रिक व वाणिज्यिक तोटा 2020-21 मधील सुमारे 22 टक्क्यांवरून 2022-23 मध्ये सुमारे 15 टक्क्यांवर आला. स्मार्ट मीटर तोपर्यंत फारच थोड्या घरांत पोहोचले होते. त्यामुळे या घसरणीचे श्रेय मीटरला देता येत नाही. अनुदानाच्या रकमा वेळेवर चुकत्या होणे व वसुली सुधारणे यांचा वाटा अधिक आहे.

दुसरा लाभ कालानुसार दराचा. विद्युत (ग्राहकांचे हक्क) नियम, 2020 मध्ये जून 2023 मध्ये करण्यात आलेल्या दुरुस्तीने सौर तासांतील दर सामान्य दरापेक्षा किमान 20 टक्के कमी ठेवण्याचे तत्त्व आणले. दुपारच्या स्वस्त सौरविजेकडे मागणी वळावी, हा त्यामागील हेतू आहे. कारखान्याला ते जमते. दिवसभर कामावर असणाऱ्या कुटुंबाला कितपत जमेल, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

नोंदी काय सांगतात?

घराच्या मुख्य तारेवरील भारातील चढउतारांवरून आत कोणते उपकरण चालू किंवा बंद झाले हे ओळखता येते, असे मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील जॉर्ज हार्ट यांच्या संशोधनाने 1980 च्या दशकातच दाखविले होते. त्यासाठी सेकंदांच्या अंतराने नोंदी लागतात. अर्ध्या तासाच्या नोंदी तेवढे सांगत नाहीत. तरी घर केव्हा रिकामे असते, माणसे किती वाजता झोपतात याचा अंदाज त्यांतून बांधता येतो. नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने 2009 मध्ये याच कारणास्तव स्मार्ट मीटरची सक्ती नाकारली. अमेरिकेतील नेपरविल शहराच्या प्रकरणात तेथील अपील न्यायालयाने 2018 मध्ये निर्णय दिला, की नगरपालिकेने 15 मिनिटांच्या नोंदी गोळा करणे ही घटनात्मक अर्थाने ‘झडती’च आहे, मात्र वीजव्यवस्थेच्या हेतूपुरती ती वाजवी ठरते. आपल्याकडे पुट्टास्वामी प्रकरणातील 2017 च्या निकालाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला असल्याने आणि बहुतेक वितरण कंपन्या राज्य शासनांच्या मालकीच्या असल्याने हा तर्क भारतालाही लागू पडतो.

म्हणूनच कोणत्या कामासाठी किती बारीक माहिती लागते, हे आधी ठरविले पाहिजे. बिलासाठी महिन्याची, किंवा कालानुसार दर असल्यास प्रत्येक दरगटाची, बेरीज पुरते. रोहित्राच्या हिशेबासाठी त्यावरील सर्व घरांची एकत्रित बेरीज पुरते. घराची ओळख फक्त तफावत आढळल्यावर लागते. प्रत्येक घराची अर्ध्या तासाची नोंद नावानिशी, वर्षानुवर्षे साठवून ठेवण्याची गरज यांपैकी कोणत्याच कामाला नाही.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, 2023 मध्ये संमती मुक्त, विशिष्ट व हेतूपुरती असावी असे म्हटले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. अडचण अशी, की बहुतेक गावांत वितरण कंपनी एकच असते. ज्याला दुसऱ्याकडून वीज घेता येत नाही, त्याची संमती मुक्त कशी म्हणावी? शिवाय मीटर बसविण्याचे व चालविण्याचे काम सुमारे दहा वर्षांच्या करारावर खासगी सेवा पुरवठादारांकडे सोपविले जाते. माहिती हाताळणारा हात आणि ग्राहकाला उत्तरदायी असणारा हात येथे वेगळे होतात. त्यामुळे मर्यादा घालण्याचे काम संमतिपत्रावर न सोडता विद्युत नियामक आयोगांनी परवान्याच्या अटींतून करावे, हे अधिक योग्य.

मीटरकडून माहिती येते, तसा त्याच्याकडे आदेशही जातो. ऑगस्ट 2020 मध्ये जन्माष्टमीच्या दिवशी उत्तर प्रदेशात चुकीच्या आदेशामुळे एक लाखाहून अधिक स्मार्ट मीटरधारकांची वीज एकाएकी गेली होती. अशा प्रसंगांनी, तसेच वाढीव बिलांच्या तक्रारींनी ग्राहकांचा अविश्वास वाढला. जुन्या मीटरची फिरणारी चकती निदान डोळ्यांना दिसत असे. आता नियमांनुसार स्मार्ट मीटरचे वाचन दिवसातून किमान एकदा होऊन ती माहिती ग्राहकाला मिळावयास हवी. वाचन प्रत्यक्ष वापराशी जुळत नसल्याची तक्रार आल्यास पाच दिवसांत पडताळणीसाठी दुसरा मीटर बसवून किमान तीन महिने दोन्हींची तुलना करणे फेब्रुवारी 2024 च्या दुरुस्तीने बंधनकारक झाले आहे.