वृद्धांची गुडघेदुखी : शस्त्रक्रिया कोणती व केव्हा?

वार्धक्यातील गुडघेदुखीस घरोघरी सरसकट ‘संधिवात’ म्हटले जाते. त्यांतील बहुसंख्य रुग्णांना प्रत्यक्षात ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजेच सांध्यातील कूर्चेची झीज, हा विकार असतो. वजन आटोक्यात ठेवणे, मांडीच्या स्नायूंचा नियमित व्यायाम, काठीचा आधार व वेदनाशामके यांवर अनेकांचे निभावते. ते निभावेनासे झाले, की शस्त्रक्रियेचा विचार पुढे येतो. तिचे पर्याय थोडक्यात पाहू.

दुर्बिणीद्वारे सांधा धुऊन घेण्याची पद्धत एके काळी बरीच प्रचलित होती. २००२ साली अमेरिकेतील डॉ. मोझली व सहकाऱ्यांनी १८० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात हे उपचार आणि केवळ त्वचेवर छेद घेण्याचा देखावा, यांच्या परिणामांत दोन वर्षांनंतरही फरक आढळला नाही. त्यामुळे निव्वळ झिजेसाठी हा मार्ग आता सुचविला जात नाही.

दुसरा पर्याय ऑस्टिओटॉमीचा. झीज सांध्याच्या आतील बाजूस असून पाय धनुष्यासारखा वाकला असेल, तर नडगीचे हाड कापून भार निरोगी बाजूकडे वळविला जातो. साधारणतः साठीच्या आतील, कष्टाची कामे करणाऱ्या रुग्णास ही शस्त्रक्रिया अधिक मानवते.

झीज एकाच कप्प्यात असून सांध्याचे बंध शाबूत असतील, तर केवळ तेवढाच भाग बदलता येतो. या आंशिक रोपणानंतर रुग्ण लवकर सावरतो. मात्र पुढे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याची शक्यता पूर्ण रोपणापेक्षा अधिक असते.

संपूर्ण सांधा झिजल्यास पूर्ण रोपण हाच खात्रीचा उपाय होय. आजच्या कृत्रिम गुडघ्याचा पाया न्यूयॉर्क येथे १९७४ च्या सुमारास डॉ. इन्सॉल, डॉ. चित्तरंजन राणावत व पीटर वॉकर यांनी घातला. याच डॉ. राणावतांनी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्याचे ऑक्टोबर २००० मध्ये व उजव्याचे जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात रोपण केले. २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार पूर्ण रोपणांपैकी सुमारे ८२ टक्के, तर आंशिक रोपणांपैकी सुमारे ७० टक्के २५ वर्षे टिकतात.

मग निर्णय केव्हा घ्यावा? क्ष-किरण चित्रावरून नव्हे, तर रुग्णाच्या दिनक्रमावरून. रात्रीची झोप मोडते काय, जिना चढणे व बाजारहाट बंद पडली काय, हे विचारावे. घाई नको, तशी अतिदिरंगाईही नको. गुडघा आखडून स्नायू क्षीण झाल्यावर केलेल्या शस्त्रक्रियेचे फळ उणे पडते. मधुमेह आटोक्यात आणणे, दात, त्वचा व मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग आधी दूर करणे अत्यावश्यक. कारण रोपित सांध्यातील संसर्ग क्वचित होत असला तरी तो फार त्रासदायक ठरतो. मांडी घालून अथवा उकिडवे बसणे पुढे बहुधा जमत नाही, हे पूजाअर्चा जमिनीवर बसून करणाऱ्या आपल्या ज्येष्ठांना आधीच स्पष्ट सांगावे.

खर्चाची धास्तीही आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या कमाल किमती निश्चित केल्या; २०२४ पासून सत्तरीपुढील सर्व नागरिकांना आयुष्मान भारत योजनेत घेतले गेले. आपले रुग्णालय योजनेत आहे काय, याची आगाऊ चौकशी करावी.

सांधा बदलणे शल्यचिकित्सकाच्या हाती आहे. त्याला चालते ठेवणे मात्र रुग्णाच्या नित्य व्यायामावर आणि घरच्यांच्या धीरावर अवलंबून आहे.