पातेल्यातले आणि ताटातले

उपाहारगृहातून आपण जेवून उठलो म्हणजे ताटात राहिलेले अन्न कोणाच्या मुखी पडते, असा प्रश्न वर्गात निघाला. "वाढपी खात असतील," असे काहींनी हसत सांगितले. ते हसू आम्हांस रुचले नाही. कारण ज्यांचे वडील खानावळीत राबतात अशीही मुले त्याच बाकांवर बसतात. म्हणून दोन शब्द लिहितो.

प्रथम शब्दांचा घोळ मिटवू. ताटात राहिले ते उष्टे. पातेल्यात राहिले ते उरलेले. आणि रात्र उलटली की उरलेल्याचेच शिळे होते. उष्टे खरकट्यात जावयाचे. ते कोणासही खावयास देणे योग्य नव्हे. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बांधवांस उष्ट्या तुकड्यांवर जगणे सोडण्याचा उपदेश केला, तो उगीच नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या मजुरीच्या जागी शिळी भाकर पदरात पडत आली होती. ज्या शब्दामागे एवढा इतिहास आहे तो कोणाच्या बापाविषयी थट्टेने वापरू नये.

आता प्रत्यक्ष रीत पाहू. टेमघराहून कल्याणकडे जाणाऱ्या रस्त्यावर असोत की मुंबईत, बहुतेक उपाहारगृहांत नोकरमंडळींसाठी वरणभात आणि एखादी भाजी निराळी शिजते. गर्दी होण्यापूर्वी किंवा ती ओसरल्यावर, दुपारी तीन-चारच्या सुमारास, ती मंडळी जेवतात. पातेल्यात उरलेला रस्सा त्यांस मिळेल की नाही, हे मालकाच्या मर्जीवर असते. पुष्कळ मालक तो देत नाहीत. उरलेले नोकरांचे असे एकदा ठरले, की आचारी मुद्दामच अधिक शिजवील, अशी त्यांस धास्ती. ही धास्ती अगदीच निराधार नाही. परंतु चांगले अन्न डोळ्यांदेखत फेकावयास लावणे आम्हांस पटत नाही.

भाताचे मात्र निराळे आहे. शिजलेला भात बराच वेळ उबेत राहिला तर त्यात वाढणाऱ्या काही जंतूंचे विष पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून शिजलेले अन्न 60 अंशांहून गरम अथवा 5 अंशांहून थंड ठेवावे लागते. तसे राखलेले उरलेले अन्न गरजूंस वाटण्याविषयी देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2019 मध्ये नियमही केले.

जेवण देतो म्हणून पगार कमी, असे सांगणारेही भेटतात. 1948 च्या किमान वेतन कायद्याने मजुरी रोख द्यावी असा सामान्य नियम घातला. वस्तुरूपाने द्यावयाची तर सरकारची अनुमती लागे. उरलेल्या भाजीला मजुरी म्हणणे ही आमच्या मते शुद्ध लबाडी होय. आणि चौदा वर्षांखालील मुलास तर उपाहारगृहात कामास ठेवण्यासच 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे, मग जेवण कितीही चांगले असो.

आपल्या भिवंडीत यंत्रमागावरील कामगारांची भिसी असते, तेथे हा प्रश्न क्वचितच उद्भवतो. महिन्याचे जेवणारे ठरलेले, त्यामुळे किती डाळ टाकावी हे स्वयंपाक करणाऱ्यास ठाऊक असते, आणि तोही शेवटी त्याच पातेल्यातली डाळ वाढून घेतो.