दप्तरी न लागलेली फिर्याद

आमच्या थोरल्या आत्याबाईंना पंढरीला जावयाचे असले म्हणजे त्या आदल्या संध्याकाळपासूनच पाणी वर्ज्य करीत, पहाटेचा चहाही नाकारीत, आणि एस. टी.त दाराजवळची जागा मिळावी म्हणून कंडक्टरशी इतक्या आर्जवाने बोलत की, एरवी घरातल्या कर्त्या पुरुषांनाही धाकात ठेवणारी ही बाई त्या एका दिवशीच एवढी मवाळ का होते, याचे आम्हां मुलांना मोठे कोडे वाटे. घरात सर्वांनी त्याचा एकच उलगडा करून ठेवला होता : आत्याबाईंचे सोवळे कडक, त्यांना प्रवासातले पाणी चालत नाही. त्या गेल्यावर त्यांची पेटी उघडली तेव्हा वर दोन ठेवणीतली लुगडी, मधे एक पोथी, आणि तळाशी जुन्या लुगड्याचे तुकडे फाडून, धुऊन, चौकोनी घड्या घालून ठेवलेली फडकी निघाली. त्यांची पाळी जाऊन तीस वर्षे लोटली होती. माझ्या आईने त्या घड्या काही न बोलता बाजूला ठेवल्या, आणि सोवळ्याचा तो उलगडा त्यानंतर आमच्या घरात कोणी सांगितला नाही.

खोकताना, शिंकताना, हसताना किंवा घागर उचलताना नकळत लघवी होणे, अथवा लघवीची भावना झाल्यापासून मोरी गाठेपर्यंतचा अवधीही न मिळणे, ही व्याधी इतकी सार्वत्रिक आहे की तिला अपवाद म्हणावे की नियम, असा प्रश्न पडावा. नॉर्वेच्या एका परगण्यात १९९५ ते १९९७ या काळात सुमारे २८ हजार स्त्रियांना हा प्रश्न सरळ विचारण्यात आला तेव्हा चौघींपैकी एकीने होकार दिला. एवढी मोठी संख्या ज्या दुखण्याची आहे ते दुखणे वैद्याच्या दारी मात्र फार थोड्या वेळा पोहोचते. कारण त्याने ताप येत नाही, जीव जात नाही, आणि ते सांगावयाचे तर ज्या शब्दांत सांगावे लागते ते शब्द आपल्याकडे लेकराच्या दुपट्यापुरतेच राखून ठेवलेले आहेत.

या व्याधीचे मुख्यतः दोन प्रकार मानले जातात. पोटावर दाब आला की मूत्रमार्गाची मिठी सुटते तो पहिला, आणि मूत्राशयच अवेळी आकुंचन पावते तो दुसरा. पुष्कळ जणींच्या ठायी दोन्ही एकत्र नांदतात. पहिल्या प्रकाराला डॉक्टर मंडळी ‘स्ट्रेस’ हा शब्द लावतात, आणि त्यामुळे एक विलक्षण घोटाळा होतो. चिठ्ठीवरचा तो शब्द वाचून घरची माणसे बाईला ‘फार विचार करू नकोस, डोके शांत ठेव’ असा उपदेश करू लागतात. वस्तुतः तेथे अभिप्रेत असलेला ताण मनाचा नव्हे, ओटीपोटाचा आहे. कमरेच्या हाडांच्या पोकळीला खालून स्नायूंची एक झोळी बांधलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदमार्ग हे तिन्ही तिच्यात विसावलेले असतात, आणि शिंकेचा धक्का वरून आला की हीच झोळी क्षणार्धात आवळून मूत्रमार्गाला आधार देते. झोळी सैलावली, अथवा तिला हुकूम पोहोचविणारी मज्जातंतूची तार ताणून दुर्बळ झाली, की आधार सुटतो.

आता ही झोळी सैलावते कशाने, असे विचारले तर गावातली कोणतीही जाणती बाई ‘बाळंतपणाने’ असे एका शब्दात उत्तर देईल, आणि ते बव्हंशी खरेही आहे. मूल जन्माला येताना त्या स्नायूंचा काही भाग मूळ लांबीच्या तिपटीहून अधिक ताणला जातो, असे संगणकी प्रतिकृतीवरून काढलेले गणित सांगते. एवढे ताणले जाऊनही बहुसंख्य स्त्रियांचे स्नायू पूर्ववत होतात, हेच खरे तर आश्चर्य. पण कळा लांबल्या, मूल वजनाने मोठे असले, चिमटा लावावा लागला, तर ही भरपाई पुरती होत नाही. नॉर्वेच्या त्याच पाहणीतून, ६५ वर्षांखालील १५ हजारांहून अधिक स्त्रियांच्या जबान्यांवरून, पुढे असा हिशेब निघाला की, ज्यांना मूलच झाले नव्हते त्यांच्यात ही तक्रार शेकडा १०, ज्यांची बाळंतपणे पोट उघडून झाली त्यांच्यात शेकडा १६, आणि ज्या नैसर्गिक मार्गाने प्रसूत झाल्या त्यांच्यात शेकडा २१ इतकी होती. शस्त्रक्रियेने सुटका झालेल्या बाईलाही दहाच्या जागी सोळाचा आकडा भोगावा लागतो, याचा अर्थ नऊ महिन्यांचा भार हा स्वतःच एक हिस्सा उचलून नेतो. तेव्हा या एका भयापोटी सिझेरियन मागून घेणाऱ्यांनी हा मधला आकडा नीट पाहावा. महाराष्ट्रात २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे चारांतले एक मूल आधीच त्या मार्गाने जन्मते आहे.

येथवर मामला सरळ दिसतो. पण अमेरिकेतील रोचेस्टर येथे काही वैद्यांनी एक मोठी चतुर तजवीज केली. त्यांनी प्रश्नावली नेली ती मठातील जोगिणींकडे, म्हणजे ज्यांनी आजन्म ब्रह्मचर्य पाळले, ज्यांच्या उदरी मूल आलेच नाही, अशा उतारवयाच्या स्त्रियांकडे. आणि त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्या जणींनी तीच कबुली दिली. मग २००५ साली त्यांनी सख्ख्या बहिणींच्या १४३ जोड्या तपासल्या, एक बहीण लेकुरवाळी आणि दुसरी निपुत्रिक. दोघींच्या संख्येत शेकडा दोनांच्या आसपासच फरक निघाला. या बहिणींची पाळी गेलेली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे दोन्ही पुराव्यांची रुजुवात होते. बाळंतपणाचा दोष विशी-तिशीत ठळक दिसतो, चाळिशीनंतर फिकट होत जातो, आणि पासष्टीपलीकडे वय, स्थूलता, मधुमेह, जुनाट खोकला, मलावरोध आणि आईकडून आलेली घडण हे इतर सावकार एवढे वाढतात की मूळ कर्ज कोणाचे हे ओळखू येत नाही. ‘पाच बाळंतपणे झाली, आता हे असायचेच’ ही जी समजूत बायका पदरात बांधून घेतात, ती एका वयापर्यंतच खरी आहे. आणि खरी असेल तेव्हाही ‘असायचेच’ हा तिच्यातला उत्तरार्ध खोटा आहे.

इतर सावकारांची ही यादी वाचताना एक गोष्ट नजरेत भरते. खोकला घ्या : तो चुलीच्या धुराचा आहे. मलावरोध घ्या : त्यात अंधार पडेपर्यंत आवरून धरण्याच्या शिरस्त्याचाही वाटा आहे. ज्याला आपण शरीराचे कारण म्हणतो त्याच्या पाठीमागे बहुधा घराची, गावाची अथवा सरकारची रचना उभी असते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात निसर्गाचे वेग अडवू नयेत एवढ्याच विषयाला एक अख्खा अध्याय वाहिलेला आहे, आणि त्यात मूत्राचा वेग अडविल्याचे दुष्परिणाम आरंभीच सांगितले आहेत. परंतु तो वेग मोकळा करावयास आडोसा नसला तर बाईने काय करावे, हे सांगणे वैद्याच्या कक्षेत येत नाही. मुंबईसारख्या शहरात २०११ च्या सुमारास ‘राइट टू पी’ या नावाने स्त्रियांना चळवळ उभारावी लागली, कारण सार्वजनिक मुताऱ्यांत पुरुषांना फुकट आणि स्त्रियांकडून मात्र पैसे, असा कारभार चालला होता. जिथे जागाच नाही तिथे बायका पाणी पिणे कमी करतात. त्याने लघवी दाट होऊन मूत्राशयाला अधिकच डिवचते, जंतुसंसर्गाला वाव मिळतो, आणि ज्या घाईतून सुटका हवी होती ती घाई वाढते. आत्याबाईंचे निर्जळ व्रत त्यांना तेवढ्या प्रवासापुरते तारीत असेल, पण व्याधीला ते खतपाणीच होते.

श्रमाचीही तीच कथा. बाळंतिणीला सव्वा महिना अंथरूण, शेक, आळीव-डिंकाचे लाडू आणि जड वस्तूला हात न लावण्याची ताकीद, हा आपला जुना आचार. त्यातल्या शेगडीच्या धुराचे समर्थन मी करणार नाही, पण ताणलेल्या स्नायूंना सावरायला सवड देणारा एवढा शहाणा भाग त्यात होता खास. तथापि हा आचार कोणाला परवडला? जिच्या माहेरी दाणागोटा आहे तिला. बीडकडची ऊसतोड कामगारीण नवऱ्यासह ‘एक कोयता’ म्हणून मुकादमाच्या वहीत नोंदली जाते. उचल आधीच घेतलेली असते, आणि एका दिवसाची गैरहजेरी म्हणजे खाडा, त्याचे पैसे तिच्याच हिशेबातून कापले जाणार. ती ओली बाळंतीण असो की पोटुशी, मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढवावीच लागते. २०१९ साली नेमलेल्या सरकारी समितीपुढे त्या जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली, त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढून टाकलेले होते, पुष्कळांचे ऐन तारुण्यात. पाळीचा आणि खाड्याचा त्रास कायमचा चुकवावा म्हणून घेतलेला हा उपाय दुसऱ्या बाजूने काय मागतो, याचे उत्तर स्वीडनच्या राष्ट्रीय दप्तरांत सापडते : तेथे गर्भाशय काढलेल्या स्त्रियांवर पुढे मूत्रगळतीसाठी शस्त्रक्रिया करण्याची वेळ इतरांच्या दुपटीहून अधिक वेळा आली.

या व्याधीचे सर्वांत भीषण रूप मात्र वेगळेच आहे. हाडे पुरती न वाढलेल्या पोरीला कळा सुरू व्हाव्यात, मूल दोन-तीन दिवस अडून राहावे, त्याच्या डोक्याच्या दाबाखाली मूत्राशय आणि योनी यांमधला पडदा कुजून तेथे भोक पडावे, मूल बहुधा मृतच जन्मावे, आणि त्यानंतर रात्रंदिवस लघवी पाझरत राहावी. १८४० च्या दशकात अमेरिकेतील अलाबामा संस्थानात मॅरियन सिम्स या वैद्याने हे भोक शिवण्याची रीत सिद्ध केली ती गुलाम स्त्रियांच्या देहांवर, भूल न देता. अनार्का नावाच्या तरुणीवर त्याने सुमारे ३० वेळा शस्त्र चालविले. न्यूयॉर्कच्या उद्यानातला त्याचा पुतळा २०१८ साली हलविण्यात आला. इथिओपियात १९५९ साली आलेल्या हॅमलिन या डॉक्टर दांपत्याने अदिस अबाबा येथे १९७४ मध्ये याच एका दुखण्यासाठी रुग्णालय उघडले, तेव्हा तेथे येणाऱ्या कित्येकींना नवऱ्याने टाकलेले असे, आणि वासामुळे गाडीवाले बसू देत नसल्याने त्या कोसच्या कोस पायी येत.

आपल्याकडे हे दृश्य आज विरळ झाले आहे, आणि त्याचे श्रेय शस्त्रवैद्याइतकेच कायद्यालाही आहे. १८९१ साली संमतिवय दहावरून बारावर नेण्याचा प्रश्न निघाला तेव्हा पुण्यात केवढे रण माजले, टिळक कोणत्या बाजूला आणि आगरकर कोणत्या, हे आपण इतिहास म्हणून वाचतो. पण त्या वादात सूतिकागृहाचा पुरावा फार थोड्यांनी वाचला. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी माता झाल्या, मूल दहा-बारा दिवसांत गेले, आणि १८८६ साली फिलाडेल्फियात पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध सादर केला त्याचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे वय चौदा केले, आज ते अठरा आहे. तरीही वर उल्लेखिलेल्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील विशी ते चोविशीच्या स्त्रियांपैकी शेकडा २२ जणींचे लग्न अठराच्या आत झाल्याचे निघाले.

गडचिरोलीच्या दोन गावांत राणी बंग आणि अभय बंग यांनी ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये जी कैफियत मांडली ती सर्वच स्त्रीरोगांची होती, पण तिचे तात्पर्य या लेखालाही लागू आहे : शेकडा ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वी तपासणी झालेल्या होत्या शेकडा ८. बायका सांगत नाहीत असे आपण म्हणतो. त्यांना कोणी विचारले नव्हते. आशा कार्यकर्ती घरी येते, लोहाच्या गोळ्या मोजते, बाळाचे वजन घेते. त्याच बैठकीत ‘खोकला आला की लुगडे ओले होते का?’ एवढा एक प्रश्न तिच्या नोंदवहीत घालायला कोणती मंजुरी आड येते, हे मला समजत नाही.

कारण उपाय महाग नाही. लॉस एंजेलिसच्या आर्नल्ड केगेल या स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ साली त्या झोळीचे स्नायू व्यायामाने बळकट करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. वायू अडवून धरावा तसे आतून वर ओढावे, श्वास न रोखता पाच-सहा अंक मोजेपर्यंत धरावे, सोडावे, तितकाच विसावा घ्यावा. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. पोट आणि मांड्या आवळल्या तर ते चुकले असे समजावे. पुष्कळ जणींचे इथेच चुकते, म्हणून पहिल्यांदा जाणत्या व्यक्तीने तपासून शिकवावे हे उत्तम. दाबाने होणाऱ्या गळतीत हा व्यायाम करणाऱ्यांपैकी शेकडा ५६ जणींनी आपण बऱ्या झालो असे सांगितले, न करणाऱ्यांपैकी शेकडा ६ जणींनी, असे अनेक प्रयोगांची बेरीज करून काढलेले फळ आहे. घाईच्या प्रकारात मोरीला जाण्याची वेळ घड्याळावर बांधून ती हळूहळू लांबवीत नेतात. त्यानेही न भागले तर औषधे आहेत, मूत्रमार्गाखाली पट्टी घालण्याची छोटी शस्त्रक्रिया आहे. पण दाबाच्या प्रकारात निम्म्याहून अधिक जणींचे काम पहिल्याच पायरीवर भागावे, आणि ती पायरी दूध उतू जाण्याची वाट पाहत ओट्याशी उभे राहून, किंवा एस. टी.च्या थांब्यावर रांगेत, शेजारच्या बाईला पत्ताही लागू न देता चढता यावी, अशी आहे.