फोटो ड्राइव्हवर आहेत, पण कॉम्प्युटरच्या सेटिंग्जचं काय?

फोटो गूगल ड्राइव्हवर, प्रोजेक्ट पेनड्राइव्हमध्ये. बॅकअप झाला, असं आपण समजतो. पण एखाद्या अपडेटनंतर विंडोज नीट चालेनासंच झालं तर?

विंडोजच्या बहुतेक सेटिंग्ज ‘रजिस्ट्री’ नावाच्या डेटाबेसमध्ये असतात. पूर्वी विंडोज तिची एक प्रत आपणहून बाजूला ठेवायचं. २०१८ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १८०३ व्हर्जनपासून मायक्रोसॉफ्टने ते बंद केलं. कारण काय, तर डिस्कवरची थोडी जागा वाचावी!

म्हणून ‘सिस्टिम रिस्टोर’ सुरू आहे का, ते आधी बघा. स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोर पॉइंट’ शोधा. सी ड्राइव्हसमोर ‘ऑफ’ दिसलं, तर ‘कॉन्फिगर’मध्ये जाऊन ते सुरू करा आणि मग ‘क्रिएट’वर क्लिक करा. पुढे गडबड झालीच, तर सेटिंग्ज त्या दिवसावर परत नेता येतात. फोटो-फाइल्सना धक्का लागत नाही, नंतर टाकलेली सॉफ्टवेअर मात्र जातात. आणि हा पॉइंट त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की तोही गेला.

यूट्यूब बघून रजिस्ट्रीत हात घालणार असाल, तर जो भाग बदलायचा आहे त्यावर राइट क्लिक करून आधी ‘एक्सपोर्ट’ करा.

खरी भीती वेगळीच आहे. विंडोज ११ चं २४एच२ व्हर्जन नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं, की बहुतेक कॉम्प्युटरची डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. अनेकांना याचा पत्ताही नसतो. मग कधीतरी बायोस अपडेट होतं किंवा मदरबोर्ड बदलला जातो आणि निळी स्क्रीन ४८ आकडी ‘रिकव्हरी की’ मागते. ती नसेल तर डिस्कवरचं काहीच उघडत नाही. रिपेअरवालाच काय, मायक्रोसॉफ्टही ती नव्याने बनवून देऊ शकत नाही.

ही की सहसा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह होते. पण कुणाच्या? लॅपटॉप दुकानदाराने किंवा चुलतभावाने सेट करून दिला असेल, तर कदाचित त्यांच्या! आजच अकाउंटच्या ‘डिव्हायसेस’ पानावर जाऊन आपल्या लॅपटॉपची की शोधा. सापडली की कागदावर उतरवून रेशनकार्डाच्या फाइलमध्ये ठेवा. त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करू नका, नेमकी गरज पडेल तेव्हा तो उघडणारच नाही.