न्यायची तर दोन्ही

"केशरी पिल्लू आहे ना, तेवढंच हवंय." भांडुप पश्चिमेला, डोंगराकडे चढत जाणाऱ्या वस्तीत रस्त्यावरची पिल्लं सांभाळून दत्तक देणाऱ्या बाईंना येणारे बरेचसे फोन असेच सुरू होतात. केशरी बोक्याला चिकटून झोपणाऱ्या काळ्या बहिणीची चौकशी कोणी करत नाही. काळी मांजर आडवी जाण्याची भीती शिकलेल्या घरांतूनही पुरती गेलेली नाही. बाई विचारतात, "दोघांना नेणार का?" निम्मे फोन तिथेच संपतात.

एका खोक्यात सापडलेली दोन पिल्लं म्हणजे जोडी, असं मात्र नाही. दत्तक देणाऱ्यांपैकी काही जण सरसकट तसं सांगतात आणि नवख्या माणसाच्या गळ्यात दोन मांजरं घालतात. बाईंची पारख वेगळी आहे. कुकरची शिट्टी झाली की घाबरलेलं पिल्लू कपाटाखाली पळतं की भावंडाकडे? एकाला डॉक्टरकडे नेलं तर दुसरं जेवतं, की दाराशी बसून ओरडत राहतं? एक दुसऱ्याला वाटीवरून हुसकावत असेल, तर सख्खी भावंडंही त्या बिनदिक्कत वेगवेगळ्या घरी देतात.

जोडीने नेण्यात घेणाऱ्याचाही फायदा असतो. चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लू भावंडाशी मस्ती करताना शिकतं. जास्त लागलं की समोरचं किंचाळतं आणि खेळ थांबतो. एकट्या पिल्लाला ही तालीम माणसाच्या घोट्यांवर करावी लागते. दोघं एकमेकांना दमवतात.

खरी अडचण असते जागेची. मांजरं जितकी, त्याहून एक जास्त लिटर ट्रे ठेवावा, असा पशुवैद्यांचा सर्वसाधारण सल्ला. म्हणजे दोघांना ३. वन बीएचकेत एक बाथरूमच्या कोपऱ्यात जातो, दुसरा वॉशिंग मशीनशेजारी. तिसऱ्यावरून घरात वाद होतो. शेवटी तो दिवाणाखाली सरकवला जातो आणि नेमका तोच दोघांचा आवडता ठरतो.

घर बघायला गेल्यावर बाई आधी खिडक्या तपासतात. चाळी पाडून टॉवर उभे राहताहेत, तसा मांजर खिडकीतून पडण्याचा प्रश्न वरच्या मजल्यांवर चढला आहे. "कबुतरांची जाळी आहे की!" असं घरचे सांगतात. पण नायलॉनची जाळी मांजर कुरतडतं, आणि हुक सैल असला तर कोपऱ्यातून अंग बाहेर काढतं. न्यूयॉर्कमधल्या पशुवैद्यांनी १९८७ साली उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या होत्या. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली. त्यावरून मांजराला काही होत नाही, असं सांगणारे भेटतात. जी जागीच गेली ती दवाखान्यात मोजायला आलीच नव्हती, हे ते विसरतात.

सोसायटीची हरकत असेल, तर पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असं सांगणाऱ्या भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना दाखवता येतात. भाड्याच्या घराचं निराळं. तिथे मालकाशी आधी बोलून घेतल्याशिवाय बाई फॉर्म पुढे करत नाहीत. परत करायची वेळ आलीच तर दोन्ही परत यायची, ही अट त्याच फॉर्मवर असते.

बहीण-भावाच्या जोडीत नसबंदी लांबवून चालत नाही. चारेक महिन्यांची मांजरीही गाभण राहू शकते, आणि नातं बोक्याला कळत नाही.

शस्त्रक्रियेनंतर मात्र भलताच फोन येतो. "ताई, हा तिच्यावर फिस्कारतोय! ओळखतच नाही." मांजराची ओळख मोठ्या प्रमाणात वासावर चालते, आणि बहीण औषधांचा वास घेऊन आलेली असते. तिला काही काळ वेगळ्या खोलीत ठेवायचं, एकच टॉवेल दोघांच्या अंगावरून फिरवायचा. बहुतेकदा एक-दोन दिवसांत भांडण मिटतं. म्हणून पुढच्या लसीला जाणकार मंडळी दोघांनाही रिक्षात घालतात. ज्याला सुई टोचायची नसते, तोही दवाखान्याचा वास घेऊनच घरी येतो.